कुलूप, पितळी, नग एक

नंदकिशोर केळुसकर सरांना मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून निवृत्त व्हायला दहा महिने उरले होते, आणि या दहा महिन्यांत शाळेत काहीही घडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. मुलांनी शिकावं, पास व्हावं, त्याला सरांची हरकत नव्हती. फक्त काही फुटू नये, काही हरवू नये, आणि मुख्य म्हणजे शाळेला कोणी काही भेट देऊ नये. भेट हा त्यांच्या मते सगळ्यात वाईट प्रकार. फुटलेली वस्तू निदान पूर्वी कधीतरी रजिस्टरला चढलेली असते. भेट म्हणजे नवं पान, नवी नोंद आणि नवी काळजी.

शाळा वाशीला, घाऊक मार्केटच्या मागच्या अंगाला. १९९७ साल. ज्यांना परवडत होतं त्यांनी आपली मुलं केव्हाच इंग्रजी शाळेत हलवली होती. उरलेल्यांत निम्मी मुलं मार्केटातल्या हमालांची, साताऱ्याकडून आलेल्या घरांतली, आणि निम्मी एका खोलीच्या फ्लॅटात राहणाऱ्या कारकुनांची. गुरुजन वर्ग बरा होता. इमारत जरा कमी बरी होती. पण शाळेचं डेड स्टॉक रजिस्टर मात्र साऱ्या जिल्ह्यात नसेल इतकं देखणं होतं. बाके दोनशे बारा. नकाशे चौदा. घंटा, पितळी, नग एक. मानवी सांगाडा, नग एक, आणि त्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात: ‘डावा हात प्रथमपासून नाही’. दर वर्षी मे महिन्यात सर एकेक वस्तू स्वतः मोजत आणि शेरा लिहीत: सुस्थितीत.

एवढ्या निगुतीला कारण होतं. संस्थेच्या पनवेलच्या शाळेतून बाबासो मोहिते निवृत्त झाले तेव्हा रजिस्टरात पेट्या दोन निघाल्या आणि संगीताच्या कपाटात एकच. दुसरी पेटी म्हणे एक्याऐंशी साली कुणाच्या तरी साखरपुड्याला गेली, ती तिकडचीच झाली. मोहित्यांचे पेन्शनचे कागद त्या पेटीपायी अडीच वर्षं अडकले. शेवटी त्यांनी कुठून तरी जुनी पेटी पैदा करून आणली, तर तपासनीस म्हणाले, ही ती नव्हे, हिचे सूर कमी आहेत. मोहिते पेटी वाजवत नसत. त्यांना मुळात गाणंच आवडत नसे. ही कथा केळुसकर सर प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी ऐकवत, आणि शेवटी खिडकीबाहेर बघत राहत.

असं असताना त्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला इंद्रजित भोईर चार कॉम्प्युटर घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले.

भोईरशेठ मूळचे इथलेच. नवं शहर आलं तेव्हा त्यांच्या वडिलांची भातशेती त्यात गेली. शेठनी एका ट्रेलरवर धंदा मांडला, आणि आता न्हावा शेव्याच्या बंदरावर त्यांचे बेचाळीस ट्रेलर फिरत होते. कुठल्याशा जहाज कंपनीने ऑफिस गुंडाळलं, त्यांचे चार न वापरलेले कॉम्प्युटर शेठनी उचलले आणि वडिलांच्या नावाने शाळेला दिले. वडील दुसरीपर्यंत शिकले होते, आणि ते दुसरीत का थांबले ही गोष्ट शेठ कोणाला सांगत नसत. सरांनी फोटोसाठी हसून घेतलं. दुपारी दार लावून त्यांनी रजिस्टर उघडलं. संगणक संच नग चार, माउस नग चार, माउसखालची रबरी चटई नग चार, धुळीची आच्छादने नग आठ. एकूण नोंदी एकोणीस. विसावी नोंद त्यांनी संध्याकाळी केली, कारण ती वस्तू वाशीच्या बाजारातून स्वतः निवडून आणायला वेळ लागला: कुलूप, पितळी, नग एक.

कुलूप चांगलं वजनदार होतं. नुसतं दाबलं की बसायचं. उघडायला मात्र किल्लीच लागायची. त्याच्यासोबत दोन किल्ल्या आल्या होत्या. दोन किल्ल्या म्हणजे दोन माणसं, आणि दोन माणसं म्हणजे वाद, असा विचार करून सरांनी एक किल्ली बंडीच्या आतल्या खिशात पिनेने अडकवली आणि दुसरी त्याच आठवड्यात मुंबईला जाताना बसच्या खिडकीतून वाशीच्या खाडीत टाकून दिली.

मग त्या खोलीचा एक संप्रदायच तयार झाला. शिपाई गोटीराम रोज सकाळी दाराशी उदबत्ती लावायचा. धूळ नको म्हणून जाड निळे पडदे आले. चपला बाहेर. दर शनिवारी दुसऱ्या तासाला एकेक वर्ग रांगेने खोलीत जायचा, भिंतीलगत एक फेरी मारायचा आणि त्याच दाराने बाहेर यायचा. हात पाठीमागे बांधलेले. आच्छादनं काढायची नाहीत. पाचवीतली पोरं सवयीने हात जोडायला जायची, पण हात पाठीमागे असल्याने नुसती मान वाकवून बाहेर यायची. बाकी अभ्यासक्रम पूर्ण होता. ‘संगणकाचे भाग सांगा’, ‘माउसची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या’, हे सगळं वहीत होतं. एप्रिलच्या परीक्षेत आठवीचे सगळे विद्यार्थी संगणक विषयात पास झाले. त्यांतल्या कोणीही संगणक चालू झालेला पाहिला नव्हता.

मेच्या सुट्टीत वाशीलाच सहा दिवसांचं शिक्षकांचं संगणक प्रशिक्षण निघालं. शाळेतल्या प्रत्येकाच्या घरी त्याच सहा दिवसांत लग्न होतं. उरल्या एकट्या वैशाली निकम. आठवीला इंग्रजी शिकवायच्या. त्या बारीक चणीच्या होत्या, आवाज हळू, पण एकदा एखादी गोष्ट मागितली की ती मिळेपर्यंत रोज त्याच हळू आवाजात मागायच्या. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी त्या सरांच्या केबिनमध्ये आल्या आणि म्हणाल्या, सर, किल्ली.

सरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि मोहित्यांची पेटी ऐकवली. बाईंनी ती पूर्वी सहा वेळा ऐकली होती, तरी सातव्यांदा ऐकली. मग विचारलं की शिकवायचं कशावर. सर म्हणाले, फळ्यावर. इतकी वर्षं आपण समुद्र फळ्यावरच शिकवला, मुलं बुडाली का?

दोन दिवसांनी आठवीच्या वर्गात सफरचंदाची खोकी आली. जाई शेलार नावाच्या मुलीचे वडील फळबाजारात हमाली करत. त्यांनी रिकामी खोकी पाठीवरून आणून टाकली. बाईंनी खोकी फाडली, एकेक पुठ्ठा हातभर लांब कापला, आणि मुलांकडून त्यावर कीबोर्ड काढून घेतला. क्यू, डब्ल्यू, ई, सगळं जागच्या जागी, चौकोनात. अडतीस मुलं, अडतीस पुठ्ठे. वर्गाला काश्मिरी सफरचंदांचा वास यायला लागला. बाई इंग्रजीतलं एक वाक्य सावकाश सांगायच्या आणि मुलं पुठ्ठ्यावर बोटं चालवायची. पुठ्ठ्यावर काही उमटत नाही. म्हणून सुरुवातीला नियम असा की बोट अक्षरावर दाबून धरायचं, बाई बाकांमधून फिरत येऊन बघेपर्यंत उचलायचं नाही. पुढे वेग आला तरी प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर तसंच दाबून धरायची रीत राहून गेली. आणि एक ताकीद होती: बोटांकडे बघायचं नाही, बाईंच्या तोंडाकडे बघायचं.

सरांना ही कल्पना मनापासून आवडली. पुठ्ठा रजिस्टरला चढत नाही. फाटला तर रद्दी. त्यांनी शिक्षकसभेत बाईंचं जाहीर कौतुक केलं आणि नमुन्यादाखल एक पुठ्ठा मागून घेतला. तो टेबलाच्या खणात गेला. पुढे दुपारी कधी केबिनमध्ये कोणी नसलं की सर खण अर्धा उघडून एका बोटाने स्वतःचं नाव शोधत. एन कुठे असतो ते त्यांना पटकन सापडायला लागलं होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण गोटीरामला माहीत होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

दोन महिन्यांत आठवीची मुलं बिघडली, असं इतर शिक्षकांचं मत पडलं. ती बाकावर, खिडकीच्या कठड्यावर, बसच्या सीटच्या पाठीवर, कशावरही बोटं बडवायची. जाईची आई सांगत होती की पोरगी भाकरी थापतानासुद्धा परातीवर टपटप करते, आणि काय करतेस विचारलं तर म्हणते, पत्ता लिहितेय.

पंधरा ऑगस्टला भोईरशेठ झेंड्याला आले. झेंडा झाला, बुंदी वाटून झाली. शेठनी पाचवीतल्या एका मुलाला जवळ घेऊन विचारलं की कॉम्प्युटरवर काय काय शिकलास. मुलगा हुशार होता, लगेच म्हणाला, “चपला बाहेर काढायला.”

“आनि?”

“हात मागे धरायला.”

शेठ हसले नाहीत. त्यांनी खोली उघडून मागितली. सरांनी बंडीत हात घालून पीन सोडवली. शेठनी आच्छादनाचं एक टोक उचललं. त्याखाली मशीनच्या पडद्याला लावलेला कंपनीचा प्लॅस्टिक कागद अजून तसाच होता.

“सर,” शेठ म्हणाले, “पुढच्या शनवारी येतो. पोरांनी मशीन चालवून दाखवली तर ऱ्हातील. नाय तर टेम्पो संगंच आनतो. पलीकडची इंग्लिश शाळा कवापास्नं मागते हाय.”

त्या रात्री सरांना शांत झोप लागली. जाऊ देत, ब्याद गेली, असं वाटून. पहाटे मात्र ते दचकून उठले. वस्तू शाळेतून जाणार म्हणजे रजिस्टरातून जाणार. रजिस्टरातून जाणार म्हणजे ती निर्लेखित करायला संस्थेचा ठराव हवा, ठरावावर जिल्ह्याची सही हवी, आणि मोडलेली नसताना वस्तू का काढली याचा खुलासा हवा. त्यांनी साधी एक मोडकी खुर्ची काढून टाकायला लिहिलं होतं त्याला चार वर्षं झाली होती. मोहित्यांची एकच पेटी होती. इथे एकोणीस नोंदी. नोव्हेंबरअखेर निवृत्ती, आणि कागद म्हणजे नातू शाळेत जाईपर्यंत अडकले. नातू अजून झालेला नव्हता.

सरांनी एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं: ‘मशीन गेली तर’. उजवीकडे: ‘मशीन वापरली तर’. दोन्हीकडे कारणं लिहीत गेले. शेवटी दोन्ही बाजू सारख्याच लांब भरल्या, आणि दोन्हींच्या तळाशी एकच शब्द होता: पेन्शन.

सोमवारी त्यांनी निकम बाईंना बोलावून परिस्थिती सांगितली. बाई म्हणाल्या, काळजी नको, आठवडाभर रोज एक तास किल्ली द्या. सर म्हणाले, शनिवारी देतो.

“सर, मुलांनी खरं मशीन अजून बघितलं पण नाही. एकदा तरी हात फिरवू दे की.”

“फिरवू दे ना. शनिवारी. शेठसमोर.” सरांनी आवाज खाली आणला. “आधी काही मोडलं तर ते आपण मोडलं, बाई. त्यांच्यादेखत मोडलं तर ते साक्षीदार होतात.”

या माणसाचा राग करावा की याला चहा पाजावा हे बाईंना ठरवता येईना. शेवटी त्यांनी चहा सांगितला.

शनिवारी दहा वाजता टेम्पो आला आणि फाटकाशी तोंड रस्त्याकडे करून उभा राहिला. ड्रायव्हरने मागचं फळकं आधीच पाडून ठेवलं होतं. सरांनी खिडकीतून ते पाहिलं आणि एकदम पाणी प्यायले.

बाईंनी सगळी आठवी त्या खोलीत घेतली. चार मुलं मशीनसमोर, बाकीची चौतीस खाली सतरंजीवर, मांडीवर पुठ्ठे घेऊन. एकत्र सराव झालाय, एकत्रच करतील, असं त्यांनी सांगितलं. मशीनवर कोणी बसायचं ते शेठनीच ठरवलं. वर्गभर नजर फिरवत त्यांनी सगळ्यात मागे बसलेल्यांतले चार उचलले, म्हणजे आधीपासून पढवलेले नसावेत. त्यात जाई शेलार होती. सर दाराशी, रजिस्टर काखेत, पान काढून उभे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मशीन चालू झाली तेव्हा पीं असा आवाज आला आणि एक मुलगा खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग पडदे उजळले. सतरंजीवरून एक लांब आवाज निघाला, सिनेमा सुरू होताना निघतो तसा. बाईंनी टाइप करायची पाटी उघडून दिली, खडूचे हात झटकले आणि वर्गासमोर उभ्या राहिल्या. बारकासा आवाज आणखी स्पष्ट करून त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं: माय नेम.

चौघांनी चार एम दाबले. आणि दाबून धरले, कारण बाई बघायला यायच्या होत्या.

पडद्यावर एम उमटला. मग दुसरा, तिसरा, मग ओळ भरली, मग दुसरी ओळ. चार मशीनवर एमच्या चार चटया विणल्या जायला लागल्या आणि मुलांचं तिकडे लक्षच नव्हतं. ती शहाण्यासारखी बाईंच्या तोंडाकडे बघत होती. शेठ पुढे वाकले. म्हणाले, ह्यो तर गोठा झाला, नुसतं हंबरतंय. ते हसले तशी मागोमाग वर आलेला ड्रायव्हरही दारातून हसला. सरांनी रजिस्टर काखेत आणखी घट्ट दाबलं. टेम्पोचं पडलेलं फळकं त्यांना डोळे मिटूनही दिसत होतं.

बाई घाबरल्या नाहीत. त्यांना आपली चूक एका नजरेत कळली होती. त्या म्हणाल्या, पोरांनो, हे मशीन आहे, याला मी बघेपर्यंत थांबायची गरज नाही. तवा तापलाय का बघताना बोट कसं लावता? तसं लावायचं आणि उचलायचं.

ही भाषा त्या वर्गाला कळत होती. पुन्हा सुरुवात झाली. माय नेम इज जाई. आय लिव्ह इन तुर्भे. माय फादर वर्क्स इन द फ्रूट मार्केट. मशीनवर चार आणि पुठ्ठ्यावर चौतीस, बोटं एका लयीत पडायला लागली. पहिल्या दोन ओळी अडखळल्या, तिसरी सरळ गेली. ही मुलं दहाही बोटांनी टाइप करत होती आणि एकही जण हाताकडे बघत नव्हता. शेठचं हसू हळूहळू उतरलं. त्यांच्या ऑफिसात चार कारकून होते. चौघेही कीबोर्डवर नाक टेकवून, दोन बोटांनी, हरवलेली टाचणी शोधावी तसं अक्षर शोधत.

आणि लाइट गेली.

निळ्या पडद्यांमुळे खोलीत एकदम अंधार झाला. मशीन मेली, पंखा गरगरत थांबला. सरांनी मनात म्हटलं, संपलं. पण टपटप चालूच होती. बाई बोलायच्या थांबल्या नव्हत्या. लाइट गेली हे त्यांना कळलं होतं, शेठचा चेहराही त्यांनी शेवटच्या उजेडात पाहिला होता, आणि थांबायची ही वेळ नव्हे एवढं त्यांना समजत होतं. त्या त्याच आवाजात वाक्यं सांगत राहिल्या. माय मदर सेल्स व्हेजिटेबल्स. वुई हॅव वन रूम. अंधारात अडतीस मुलं बोटं चालवत राहिली.

शेठनी उठून एक पडदा बाजूला केला. उजेड जाईच्या हातांवर पडला. काळ्या पडद्यासमोर ती टाइप करत होती आणि नजर बाईंकडे.

“पोरी, लाइट गेली. ठावं नाय काय?”

जाईने पहिल्यांदाच समोर पाहिलं. “गेली का?” ती म्हणाली. मग त्यात विशेष काय, अशा स्वरात: “आमच्या पुठ्ठ्याला लागत नाही लाइट.”

बाईंनी मुलांना हात खाली घ्यायला सांगितलं. शेठनी सतरंजीवरचा एक पुठ्ठा उचलून उजेडात धरला. कडेला सफरचंदाचं चित्र होतं, आणि काही चौकोनांतली शाई बोटांनी पुसून गेली होती. मशीनवर किती दिवस बसवलं, असं त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, आजचा पहिला. मग शेठ दाराकडे वळले.

आता सरांना काहीही सांगता आलं असतं. वीज नसते, अभ्यासक्रमात बसत नाही, वरून आदेश नाही. अशी उत्तरं मुख्याध्यापकाच्या खणात तयार असतात. पण ते म्हणाले, “किल्ली माझ्याकडे होती.” आणि मग त्यांनी, उभ्याउभ्याच, बाबासो मोहित्यांची पेटी पहिल्यापासून सांगितली.

शेठनी सगळी ऐकून घेतली. मधे एकदा मानही हलवली. कागदाची भीती म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. एका सहीवाचून त्यांचा एक कंटेनर बंदरात चार महिने पडून होता आणि आतली खजूर मुंग्यांनी खाल्ली होती. ते म्हणाले, मशीन इथंच ऱ्हातील. सरांनी सोडलेला श्वास सतरंजीपर्यंत ऐकू गेला. पण एक अट हाय, शेठ म्हणाले. कुलूप मी नेतो.

“नेता येणार नाही,” सर म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून इतक्या झटकन निघालं की बाईंनी कपाळाला हात लावला. सरांनी रजिस्टर उघडून दाखवलं. नोंद विसावी. कुलूप, पितळी, नग एक. शाळेची वस्तू. ती बाहेर गेली तर तिलाही ठराव लागेल.

शेठ रजिस्टरावर वाकले. बोट ठेवून त्यांनी ती ओळ सावकाश वाचली, मग खालची वाचली, मग पान उलटून बघितलं. माल सोडवून सोडवून त्यांना एक सवय लागली होती: कागदावर काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहिलंय ते आधी बघायचं.

“किल्ली कुठं लिवली हाय?”

सरांनी पान आपल्याकडे ओढलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. चष्मा पुसला. किल्लीची नोंद नव्हती. दोनशे बारा बाकं, सांगाड्याचा नसलेला हात, उंदीर पकडायचा पिंजरा, सगळं चढवलेल्या माणसाने किल्ली चढवली नव्हती. आपल्या बंडीतली वस्तू शाळेची असते हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

“दुसरी?” शेठनी विचारलं.

“खाडीत आहे,” सर म्हणाले.

शेठनी तळहात पुढे केला. सरांनी बंडीत हात घातला, पीन काढली, आणि किल्ली त्यावर ठेवली. टेम्पोचं फळकं वर उचललं गेलं आणि टेम्पो रिकामा परत गेला. शेठ दरवाजातून वळून बाईंना म्हणाले की एक पुठ्ठा ऑफिसातल्या कारकुनांसाठी द्या. बाईंनी दिला. सरांनी त्याची पावती मागितली नाही. मागायची इच्छा झाली होती.

सोमवारपासून सरांच्या मागे वेगळंच दुखणं लागलं. कुलूप कडीत उघडं लोंबत होतं, आणि ते दाबलं की बसणारं. एखाद्या पोराने जाता जाता ते दाबलं, की मशीन आत, किल्ली भोईरशेठच्या ट्रेलरच्या आवारात खिळ्याला, आणि तपासणीला आलेल्यांसमोर कुलूप तोडायचं तर रजिस्टरची वस्तू तोडल्याचा ठपका. कुलूप कडीतून काढून कपाटात ठेवावं हे सुचवायला गोटीराम एकदा आला होता. पण पाहणीत कुलूप जागेवर दिसलं पाहिजे, असं सरांचं म्हणणं. तेव्हा सात महिने कुलूप कोणी उघडू नये म्हणून जागरूक असलेले केळुसकर सर आता ते कोणी लावू नये म्हणून दर तासाला जिन्याने वर यायला लागले. शेवटी जाईने पुठ्ठ्याचा एक तुकडा दुमडून कुलपाचा दांडा बसतो त्या भोकात ठोकून बसवला. त्यावर अर्धं सफरचंद दिसत होतं.

खोलीत जायचे ते सर कुलूप बघायला. पण एकदा गेलं की दाराशी थांबणं व्हायचं. दिवाळीपर्यंत सहावी, सातवीही टाइप करू लागली. चपला आत आल्या. उदबत्ती बंद झाली, कारण गोटीराम स्वतः तिसऱ्या मशीनवर पत्त्यांचा डाव खेळताना सापडला. एका माउसच्या पोटातली गोळी हरवली. ती पुढे पाचवीच्या गोट्यांत सापडली. आणि जाईच्या मशीनवरचा एम पुसून गेला. सरांनी दोन दिवस धास्तीत काढले आणि मग रजिस्टरच्या पहिल्या पानावरचे छापील नियम वाचायला घेतले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच. सहाव्या कलमात लिहिलं होतं की नेहमीच्या वापराने झालेली झीज ही जबाबदार व्यक्तीची हयगय समजली जाणार नाही. सरांनी ते तीन वेळा वाचलं. मग बाईंना बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, सर, हे सुटीआधी वाचलं असतं तर मला अडतीस पुठ्ठे कापावे लागले नसते. सर म्हणाले, आणि मग आजचा दिवस दिसला असता का? ते पटलं याचा बाईंना थोडा रागच आला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी चार्ज देणं-घेणं झालं. नवीन मुख्याध्यापक यायला महिना होता, तोवर चार्ज निकम बाईंकडे. बाके दोनशे बारा, बरोबर. सांगाडा, बरोबर. वर कॉम्प्युटरच्या खोलीत आल्यावर बाई म्हणाल्या, सर, संच चालू स्थितीत आहे असं लिहिणार, तर एकदा चालवून बघा की.

सर जाईच्या शेजारच्या खुर्चीत बसले. बोट शोधत शोधत न चुकता एनवर गेलं. खणातल्या पुठ्ठ्यावर ते रोज जायचं तसं. पुठ्ठ्यावर दाबायचे तसंच त्यांनी ते दाबलं, आणि बाई बघतायत ना, म्हणून मागे वळून पाहिलं. पडद्यावर एनची ओळ धावत सुटली.

“उचला, सर,” जाई म्हणाली. “तवा.”

सरांनी बोट उचललं. उरलेलं नाव त्यांनी अक्षर अक्षर करून पुरं केलं. सुरुवातीचे साठ एन खोडायचे कसे ते जाई सांगत होती, पण ते म्हणाले राहू दे.

मग त्यांनी गुडघ्यावर रजिस्टर घेतलं आणि शेऱ्याचा रकाना भरत आले. संगणक संच नग चार: वापरात. माउस नग चार: वापरात, एकाची गोळी हरवून सापडली. विसाव्या ओळीशी पेन थांबलं. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. कुलूप कडीत होतं, भोकात अर्धं सफरचंद.

‘सुस्थितीत’ हा शब्द त्यांनी लिहायला घेतला, मग थांबून खोडला. त्या रजिस्टरातली ती त्यांची पहिली खाडाखोड. शेजारी नियमाप्रमाणे त्यांनी बारीक सही केली आणि पुढे लिहिलं: उघडे.